ओमांचा पत्र्याचा डबा: प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५, बेलफ्लॉवर, कॅलिफोर्निया

७ तारखेला ईटनची आग लागली आणि अल्ताडेना भागात ९,०००हून जास्त इमारती गेल्या. त्यांत आमच्या शेजारच्या ओमांच्या (ओमा म्हणजे डच भाषेत आजी) भाचीचं घर होतं. माणसं वेळेवर निघाली, मांजरही निघालं, पण कपाटातले सहा आल्बम राहिले. ओमांच्या आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो त्यातच होता.

आज सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "नॉन, तुझा तो स्कॅनर चालतो का अजून?" नॉन म्हणजे पोरी. मी पन्नाशी ओलांडली आहे, पण ओमा ८७ वर्षांच्या आहेत, त्यांना तो हक्क आहे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढून ठेवलेला होता. तो रोटरडॅमहून निघाला तेव्हापासून त्यांच्याबरोबर आहे. आत फोटो, पत्रं, पासपोर्ट, पावत्या. "हे जळलं तर आम्ही कोण होतो ते सांगायला मी एकटीच उरेन," त्या म्हणाल्या.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना 'डच आजी' म्हणतात. सहा वर्षं मीही तसंच समजत होते. आडनाव डच, नाताळात घरचा पापुद्र्यांचा स्पेकूक. पण त्या केकमध्ये दालचिनी-लवंग-वेलचीचा वास असतो आणि सकाळी त्या उरलेला भात परतून संबाल या मिरचीच्या चटणीबरोबर खातात. शेजारी राहून मी एकदाही विचारलं नाही. आज विचारलं. त्या पूर्व जावातल्या मालांगला जन्मल्या, १९३७ साली.

काम ठरलं ते असं: सगळं स्कॅन करायचं, ओमांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, तारखांची साखळी लावायची आणि नातवंडांना एक जाड वही छापून द्यायची. मूळ कागद घराबाहेर जाणार नाहीत. या नोंदीत आडनाव येणार नाही. ओमा नको म्हणतील ते उतरवायचं नाही.

२ फेब्रुवारी

मोजणी झाली. १४३ फोटो, ११ पत्रं, ४ प्रमाणपत्रं, २ डच पासपोर्ट, हप्ते भरल्याच्या पावत्यांची एक जुडी, आणि पिवळ्या पाकिटात केसांची एक बट. बटेला हात लावला नाही. फोटो ६०० डीपीआयवर, कागद ४००वर. फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग गाव, मग क्रमांक. पुण्यात ग्रंथालयात बारा वर्षं काढली, ती सवय अजून हातात आहे.

फोटो क्रमांक ३७ वेगळा काढून ठेवला आहे. केबाया आणि सारोंग नेसलेली एक बाई, केस घट्ट मागे बांधलेले, पाय अनवाणी. शेजारी खलाशी पोशाखातला चारपाच वर्षांचा मुलगा. मागे काही लिहिलेलं नाही. ओमांनी चष्मा न लावताच सांगितलं, "बाबू असेल." आपल्याकडे बाबू म्हणजे कारकून, त्यांच्याकडे बाबू म्हणजे मुलं सांभाळणारी बाई.

वहीत तसंच लिहिलं. पण ही बाई खुर्चीवर बसली आहे आणि मुलगा तिच्या गुडघ्यावर हात ठेवून उभा आहे. स्टुडिओतल्या फोटोत कामवाली खुर्चीवर बसते का? पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

१६ फेब्रुवारी

चार तास एका गावात गेले. पत्रातलं गाव नकाशात सापडेना. जुन्या डच पद्धतीत 'उ'साठी ओ-ई लिहीत, 'च'साठी टी-जे, 'य'साठी नुसतं जे. इंडोनेशियाने १९४७ साली ओ-ईच्या जागी यू आणलं आणि १९७२ साली बाकीचं बदललं. त्यामुळे चिमाही हे लष्करी छावणीचं गाव जुन्या कागदांत टीच्या पानावर, आजच्या नकाशात सीच्या. भरीला बाताव्हियाचं जकार्ता झालं, बौटेनझोर्खचं बोगोर. आता तीन रकान्यांचा तक्ता केला आहे: कागदावरचं नाव, आजचं नाव, ओमांच्या तोंडचं नाव. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो.

एका पत्राच्या शेवटी ओमांच्या आईने लिहिलं आहे, 'सुका दुका'. मी मोठ्याने वाचलं. "चांगले दिवस, वाईट दिवस," ओमांनी अर्थ सांगितला. मी म्हटलं, "सुख-दुःख." त्यांनी कप खाली ठेवला. मग आम्ही दोघी अर्धा तास शब्दच काढत बसलो. इस्त्री म्हणजे बायको, स्त्री. सुआमी म्हणजे नवरा, स्वामी. कपाला म्हणजे डोकं, कपाळ. सौदारा म्हणजे भाऊबंद, मुळातला सहोदर. बहासा म्हणजे भाषा. स्कॅनिंग राहिलं, पण दिवस कामी आला असं मी मानते.

वहीच्या पहिल्या पानासाठी मजकूर लिहायला घेतला. नातवंडांना आधी 'इंडो' हा शब्द समजायला हवा. डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे डचांच्या ताब्यातल्या आजच्या इंडोनेशियात, युरोपीय पुरुष आणि तिथल्या बायका यांच्यापासून तीनशे वर्षांत एक समाज तयार झाला. बापाने नाव दिलं तर मूल कायद्याने युरोपीय. घरात डच, अंगणात मलय, आणि दोन्ही कालवून केलेली पेत्यो ही त्यांची खास बोली. नेदरलँड्समधून नव्याने आलेल्या गोऱ्याला ते तोतोक म्हणत. स्वतः रेल्वेत, टपालात, मळ्यांवर कारकून आणि मुकादम, आणि केएनआयएल या वसाहतीच्या फौजेत सैनिक. ओमांचे वडील त्या फौजेतले सार्जंट.

९ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग, १ तास ५२ मिनिटं. मध्ये दोनदा थांबलो.

मार्च १९४२मध्ये जावा जपानच्या हाती पडलं. वडील युद्धकैदी झाले आणि बर्मा-सयाम रेल्वेवर गेले. ४१५ किलोमीटरचा तो मार्ग ऑक्टोबर १९४३मध्ये पुरा झाला. तिथे सुमारे १८,००० डच कैदी होते, त्यांत इंडो खूप. त्यांच्याहून कितीतरी जास्त जावाचे, मलायातले तमिळ आणि ब्रह्मदेशातले मजूर तिथे राबले आणि मेले, त्यांची मोजदादही नीट झाली नाही. ओमांच्या आईने आपल्या अंगात जावाचं रक्त असल्याचे कागद दाखवले, म्हणून मायलेकी छावणीबाहेर राहिल्या. त्या तीन वर्षांत आईने लग्नाच्या चांदीपासून पडद्यांपर्यंत सगळं विकलं.

१७ ऑगस्ट १९४५ला सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढचे काही महिने ओमांच्या लोकांत 'बर्सियाप' या नावाने ओळखले जातात. तो तरुण क्रांतिकारकांचा पुकार होता, 'सज्ज व्हा'. डच दिसणारा, डच बोलणारा, डचांसाठी काम केलेला कुणीही संशयित. आठ वर्षांची मुलगी सुराबायात मावशीच्या घरी पलंगाखाली झोपायची.

इथे माझा हात थांबला, कारण पुढचं वाक्य असं होतं: "मग इंडियाचे शिपाई आले." २५ ऑक्टोबर १९४५ला ब्रिटिश-हिंदी फौजेची ४९ वी ब्रिगेड सुराबायात उतरली. कैदी आणि बायका-मुलांना बाहेर काढणं हे तिचं काम. त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्री होती. बेळगावात तयार झालेले, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीचे पोर. तीन दिवसांत शहर पेटलं, ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरला मोठी लढाई सुरू झाली. इंडोनेशिया तो दिवस आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतो.

ओमांना एक शिपाई आठवतो. त्याने हातावर काहीतरी ठेवलं आणि म्हणाला, "रोटी." त्यांच्याही भाषेत पावाला रोटीच म्हणतात. "मला वाटलं, हा आमचाच आहे."

तो शिपाई मराठा होता असं वहीत लिहिणार नाही. ब्रिगेडमध्ये राजपुताना रायफल्सही होती. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते, पण ते इटलीत लढले. तरी आज रात्री मला त्या पोरांचाच विचार सुटत नाही. स्वतः गुलाम देशातले, दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांवर बंदूक रोखायला पाठवलेले, आणि त्याच वेळी एका भेदरलेल्या मुलीच्या हातावर भाकर ठेवणारे. जवाहरलाल नेहरूंनी हिंदी फौज इंडोनेशियात वापरायला उघड विरोध केला होता. दोन्ही गोष्टी वहीत शेजारी शेजारी राहतील. ओमांना विचारलं, चालेल ना? "चालेल. त्या पोरांनाही देश हवाच होता," असं म्हणाल्या. कोणती पोरं, ते मी विचारलं नाही.

११ मार्च

रेकॉर्डिंगच्या दोन प्रती झाल्या. एक डिस्क ओमांच्या मुलीकडे सॅन डिएगोला पाठवली, आगीच्या वाऱ्यापासून लांब.

३० मार्च

नेदरलँड्सची वर्षं. मला वाटलं होतं हा भाग लवकर उरकेल.

२७ डिसेंबर १९४९ला नेदरलँड्सने इंडोनेशियाचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि दोन वर्षांत इंडोंना निवड करायची होती: डच राहायचं की 'वार्गा नगारा', म्हणजे इंडोनेशियाचे नागरिक व्हायचं. (वर्ग आणि नगर. ओमांनी आता हे शब्द स्वतःच ओळखायला सुरुवात केली आहे.) केएनआयएल २६ जुलै १९५०ला बरखास्त झाली, वडिलांची नोकरी गेली. काही वर्षं तग धरून १९५५मध्ये कुटुंबाने बोट धरली. १९५७च्या डिसेंबरात डच कंपन्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि उरलेल्या डच नागरिकांना जावं लागलं, तेव्हा आणखी लोंढा निघाला. १९४५पासून साठच्या दशकापर्यंत सुमारे तीन लाख माणसं अशी नेदरलँड्सला पोचली. त्यांना 'मायदेशी परतलेले' म्हणत. त्यातल्या बहुतेकांनी तो मायदेश आधी पाहिलेलाही नव्हता.

सरकारने त्यांना खासगी बोर्डिंग हाउसमध्ये ठेवलं, एका कुटुंबाला एक खोली. कमाईतला ६० टक्के वाटा त्या राहण्या-जेवणापायी कापला जाई. गरम कपडे आणि फर्निचर कर्जाऊ. डब्यातली पावत्यांची जुडी त्याच कर्जाची निघाली. मी ती आधी किराणा-बिलं समजून बाजूला ठेवली होती. कोट, लोकरी मोजे, दोन पलंग, एक शेगडी, सगळ्यांचे हप्ते. ओमांच्या वडिलांनी शेवटचा हप्ता भरला आणि पावती जपून ठेवली. बर्मा रेल्वेवर राबलेल्या सैनिकाकडून त्याच्या देशाने कोटाचे पैसे घेतले. हे लिहिताना मला राग आला आणि तो इथे राहू दे.

समाजसेविका घरी येऊन स्वयंपाक बघत. बटाटा शिजतो की भात? ओमांची आई दारावर थाप पडली की भाताचं पातेलं पलंगाखाली सरकवायची आणि बटाट्याची टोपली पुढे आणायची. युद्धात पोरगी पलंगाखाली, शांततेत भात.

२० एप्रिल

आज कायदा. तीन आठवडे वाचत होते.

अमेरिकेने १९१७ साली नकाशावर एक रेषा ओढली आणि तिच्या आतल्या आशियाला दार बंद केलं. त्या रेषेत जावा होतं तसा हिंदुस्थानही होता. १९५२च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने दार किलकिलं केलं: वर्षाला नेदरलँड्ससाठी ३,१३६ जागा, इंडोनेशियासाठी १००. भारतासाठीही १००च. ज्याच्या वंशात निम्मं किंवा त्याहून जास्त रक्त आशिया-पॅसिफिकमधल्या लोकांचं आहे, तो जन्मला कुठेही, पासपोर्ट कुठलाही असो, त्याची गणती आशियाच्या त्या चिमूटभर जागांत. म्हणजे एका इंडो घरात सख्ख्या चुलतभावंडांपैकी एकाचा अर्ज ३,१३६च्या रांगेत लागू शकत होता आणि दुसऱ्याचा १००च्या. आजी-आजोबा मोजून.

मग सप्टेंबर १९५७मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी फायालवर कापेलिन्योस ज्वालामुखी फुटला. हजारो पोर्तुगीज शेतकरी उघड्यावर आले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन पास्टोर यांनी त्यांच्यासाठी विधेयक मांडलं, तरुण सिनेटर जॉन केनेडीही त्यात होते. २ सप्टेंबर १९५८ला कायदा झाला आणि त्यात इंडोनेशियातून विस्थापित झालेल्या डच नागरिकांसाठीही कोट्याबाहेरचे खास व्हिसा घातले गेले. इंडो त्याला पास्टोर-वॉल्टर म्हणतात. हे वॉल्टर तेच, १९५२च्या कायद्यावर ज्यांचं नाव आहे. चर्चच्या मदतसंस्था अमेरिकेत जामीनदार शोधून देत. पन्नास-साठच्या दशकांत किती इंडो आले याचे अंदाज २५,००० ते ६०,००० असे पसरलेले आहेत. बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियात उतरले किंवा पुढे तिथे सरकले. ओमा, त्यांचा नवरा आणि तान्हं बाळ १९६०मध्ये होबोकेनच्या धक्क्यावर उतरले, ग्रँड रॅपिड्सच्या एका चर्चने जामीन घेतला होता. मिशिगनचे दोन हिवाळे काढून इकडे आले.

आता मला ज्याने झोप लागली नाही ती गोष्ट. मी पोहे, कोकम, डाळी आणायला दर पंधरा दिवसांनी आर्टेशियाला पायोनियर बुलेवार्डवर जाते. दक्षिण कॅलिफोर्नियातलं मराठी माणूस तिथे गेलं नाही असं होत नाही. आपण त्याला लिटल इंडिया म्हणतो. साठ वर्षांपूर्वी तिथे गोठे होते. मालक डच आणि पोर्तुगीज, आणि पोर्तुगिजांत बरेचजण अझोर्सचे. शेजारच्या सेरिटोसचं नाव १९५६पासून १९६७पर्यंत डेअरी व्हॅली होतं, घरं बांधणाऱ्यांपासून जमीन वाचवायला गोठेवाल्यांनीच ते शहर म्हणून नोंदवलं. एका ज्वालामुखीने ज्यांना दार उघडून दिलं ते दोन समाज, अझोर्सचे शेतकरी आणि जावाचे इंडो, याच पाचदहा मैलांत येऊन राहिले. आणि १९६५च्या कायद्याने कोटे मोडले तेव्हा मागून आपण आलो. मी ज्या दुकानासमोर गाडी लावते तिथून ओमांचं पहिलं भाड्याचं घर चालत दहा मिनिटांवर होतं.

४ मे

डब्यातलं ओमांच्या नवऱ्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र स्कॅन केलं, १९६६चं. उंची, वजन, डोळ्यांचा रंग, आणि वर्ण. वर्णाच्या रकान्यात 'मध्यम'. पूर्वीची राष्ट्रीयता: नेदरलँड्स. जावा कुठेच नाही.

ताडून पाहायला कॅलिफोर्नियातल्याच पेरिस गावातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले (नाव रिव्हरसाइडचं आहे, इमारत पेरिसमध्ये). नागरिकत्वाच्या अर्जांत अशी घरं शोधायची तर 'इंडोनेशिया' शोधून उपयोग नाही. राष्ट्रीयता डच आणि जन्मगाव सुराबाया, बांडुंग, सेमारांग, माकासार असे अर्ज चाळावे लागतात. दुपारपर्यंत ९ सापडले. माझी बोटं थरथरत होती.

ओमा जनगणनेच्या कागदावर आयुष्यभर 'गोरे' या चौकोनात खूण करत आल्या. मी कारण विचारलं. "दुसरा कुठला होता?" २०१०च्या जनगणनेत अमेरिकेत इंडोनेशियन म्हणून ९५,२७० माणसं मोजली गेली. त्या आकड्यात ओमा नाहीत, त्यांची चार मुलं नाहीत, अकरा नातवंडं नाहीत.

१ जून

नातवाने विचारलं, इंडोनेशियातून अमेरिकेत आलेले आपणच पहिले का? थोडक्यात टिपण करून ठेवते.

१८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात 'जावा व्हिलेज' होतं. पश्चिम जावातल्या पाराकान सालाक आणि सिनागार या चहामळ्यांवरून शंभराहून जास्त माणसं आणली होती, वादक, नर्तकी, विणकर. त्यांचा गामेलान हा वाद्यसंच अजून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, मुंबईच्या ब्राह्मो समाजाकडून बळवंत भाऊ नगरकर गेले. माणसं परतली, वाद्यं राहिली. पुढे डच बोटींवरचे खलाशी युद्धकाळात न्यूयॉर्कला अडकले आणि काही तिथेच राहिले. पन्नासच्या दशकात सरकारी शिष्यवृत्त्यांवर डॉक्टर बर्कलीला आणि अभियंते केंटकी विद्यापीठात आले. नंतर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथून तासाभरावर लोमा लिंडात वसली. पण बायका-मुलांसह, शिधासामान घेऊन, परत न जाण्यासाठी मोठ्या संख्येने आलेले पहिले हे इंडोच.

२२ जून

ओमांबरोबर एका कुम्पुलानला गेले, म्हणजे मंडळी जमण्याचा कार्यक्रम. चर्चचा हॉल, लांब टेबलं, लुम्पिया, साते, गाडो-गाडो, कोपऱ्यात क्रोन्चोंग वाजवणारे चार म्हातारे. वय ऐंशीच्या आत क्वचित कुणी. प्रत्येकजण विचारतो, "तुम्ही कुठल्या शहराच्या?" आणि उत्तर पासष्ट वर्षांपूर्वी सोडलेल्या शहराचं येतं. मी म्हटलं, सातारा. एका ओपांनी, म्हणजे आजोबांनी, मान डोलावली आणि म्हणाले, "जेमतेम ऐकलंय, पण वाटतं डोंगरातलं असेल." बरोबर होतं.

तिथे जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे पाहायला मिळाले. एक 'दे इंडो', कॅलिफोर्नियातच निघालेलं. दुसरं त्याली रॉबिन्सनचं. खरं नाव यान बोन, लेखक, साठच्या दशकाच्या सुरुवातीला हेगहून इकडे आला आणि इथे 'अमेरिकन टोंग टोंग' काढलं. टोंग टोंग म्हणजे गावात इशाऱ्यासाठी बडवतात तो पोकळ लाकडी ठोकळा. त्याला वाटायचं, नेदरलँड्समध्ये इंडो विरघळून जाईल, अमेरिकेत तो इंडो म्हणून टिकेल. तो काही वर्षांनी परत गेला. हॉलमधली वयं पाहून मला त्याचं ते वाटणं फार लागलं.

नातवंडांना यात रस वाटावा म्हणून वहीत एक पान व्हॅन हेलन बंधूंवर ठेवते. एडी आणि ॲलेक्स व्हॅन हेलन जगाला डच रॉकवाले म्हणून माहीत. त्यांची आई युजिनिया, पश्चिम जावातल्या रांगकासबितुंगची इंडो. १९६२मध्ये कुटुंब नेदरलँड्सहून पासाडेनाला आलं, जवळ पन्नास डॉलर आणि एक पियानो. वडील यान हे वादक, पण इथे झाडलोटीची कामं केली, आई घरकामं करायची. एडीने स्वतः हे मुलाखतींत सांगितलं आहे. ओमांच्या सर्वात धाकट्या नातवाच्या खोलीत त्याचं पोस्टर आहे. आज त्याला कळलं की पोस्टरवरच्या माणसाच्या घरीही सकाळी भात परतला जात असणार.

१७ ऑगस्ट

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला आज ८० वर्षं. ओमांनी टीव्हीवर जकार्ताचं संचलन लावलं होतं, आवाज बंद करून.

मी आडनावांबद्दल विचारत होते. बापाने मूल आपलं म्हणायचं, पण नाव पूर्ण द्यायचं नाही, तेव्हा काही जण आपल्या आडनावाची रोमन अक्षरं उलटी करून देत. व्हेर्मेहरचं ऱ्हेमरेव झालं. याच आडनावाच्या सरकारी वकिलाने १९०४मध्ये सुमात्रातल्या देली मळ्यांवरच्या मजुरांच्या छळाचा अहवाल लिहिला. मी सांगत होते, ओमा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रेकॉर्डर बंद कर."

केला.

त्यांनी डब्यातून फोटो क्रमांक ३७ काढला. या वेळी चष्मा लावला. खलाशी पोशाखातला मुलगा त्यांचे वडील. खुर्चीतली बाई त्यांची आई, म्हणजे ओमांची आजी. ती न्याई होती. न्याई म्हणजे गोऱ्या साहेबाच्या घरी लग्नावाचून राहणारी, घर चालवणारी, त्याची मुलं जन्माला घालणारी जावाची बाई. बापाने मुलगा आपला म्हणून नोंदवला की मुलगा युरोपीय झाला आणि त्या मुलावर आईचा कायद्याने कसलाच हक्क उरला नाही. साहेबाने युरोपातून बायको आणली, तेव्हा या आजीला गावी धाडलं. मुलगा सहा वर्षांचा होता. बट तिची आहे.

१९५९मध्ये हेगला अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत होती. आधल्या रात्री वडिलांनी भिंतीवरचा हा फोटो उतरवला आणि सगळ्यांना बजावलं, कुणी विचारलं तर ती बाबू होती. व्हिसा मिळाला. फोटो परत भिंतीवर लागला नाही. "मग आम्ही तेच म्हणत राहिलो," ओमा म्हणाल्या. "माझ्या मुलांनाही मी तेच सांगितलं. तुलाही."

मी काही बोलले नाही. चहा केला.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आजीला काय म्हणतात?" मी म्हटलं, आजी. त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं.

२४ ऑगस्ट

ओमांनी फोनवर सांगितलं: वहीत घे. सगळं. मुलांना मी स्वतः सांगितलं आहे. तिचं नाव वहीत येईल, तुझ्या या नोंदीत नको.

इथे ते नाही.

७ सप्टेंबर

छपाईआधीचं शेवटचं काम, फोटोंच्या मागे नावं. बॉलपेनची शाई पुढे उमटते, म्हणून मऊ शिशाची पेन्सिल, आणि फोटो काचेवर पालथा ठेवून हलक्या हाताने. १४२ फोटोंवर मी आणि नातीने लिहिलं. ३७ ओमांकडे दिला. टेकवलेलं मनगट कापत होतं, नातीने कोपर धरला. आधी आजीचं नाव, खाली गावाचं नाव, खाली 'वडिलांची आई'. गावाचं स्पेलिंग मी तक्त्यातून नवं सांगितलं होतं. त्यांनी जुनंच लिहिलं, ओ-ई घालून.